सत्तावीस इंची

लोखंडी फ्रेमच्या जुन्या रेसिंग सायकलचं वजन मालकाला विचारू नये. एकदा उचलून बघावी आणि गप्प खाली ठेवावी. माझी पुण्याच्या जुन्या बाजारातली होती. पाच गिअर, खाली वळलेलं हँडल, २७ इंची चाकं. गिअरची कांडी फ्रेमच्या तिरक्या नळीवर. हँडलवरचा एक हात सोडून, वाकून, नुसत्या कानाच्या अंदाजाने ती सरकवायची. शिमानोने १९८४ साली खटक्याचे गिअर आणले, पण ते सुख या कांडीला ठाऊक नव्हतं. चेन कुरकुरली की केसभर मागे. गिअर नीट पडला की आवाज एकदम थांबायचा. तेवढ्यासाठी मी सपाट रस्त्यावरही उगाच गिअर बदलत असे.

मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात बाजी मारणारा ‘घाटांचा राजा’ होतो. आमची मजल दिवे घाटापर्यंत. पुढे ४२ दात, मागे सर्वांत मोठी चकती २४ दातांची. म्हणजे पायडलच्या एका फेरीला चाकाचे पावणेदोन फेरे. मस्तानी तलाव खाली दिसू लागेपर्यंत मांड्या भरून यायच्या. मग मागे २८ दातांचं फ्रीव्हील बसवलं आणि पावणेदोनाचे दीड झाले. माउलींच्या रथाला याच घाटात जादा बैलजोड्या जुंपतात. मला चार दात पुरले. अर्थात मोठ्या चकतीला जुना डिरेलर पुरेना, म्हणून तोही बदलला, आणि त्यापाठोपाठ चेन. जुन्या सायकलला एक भाग नवा घातला की शेजारचा लगेच हट्ट धरतो.

खरा प्रश्न पावसाळ्यातला होता. क्रोम चढवलेली लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचे रबर नुसते घसरतात. कात्रजच्या उतारावर ब्रेक दाबून ठेवायचा आणि पुढचा ट्रक पुढेच राहो म्हणायचं. अ‍ॅल्युमिनियमच्या रिम हव्याच होत्या. पण २७ इंचीचे चांगले टायर मिळेनासे झालेले, म्हणून ७०० सी घ्यायचं ठरलं. टायर बसतो तिथला व्यास जुन्याचा ६३० मिलिमीटर, नव्याचा ६२२. म्हणजे ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली आणायचे; ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा निघाली. मागचा हब मात्र अडला. पाच गिअरची फ्रेम १२० मिलिमीटरची, सात गिअरचा हब १२६ चा. मिस्त्रींनी फ्रेमचे मागचे दोन पाय हळूहळू फाकवले, पुढून मागे दोरा ताणून दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते पाहिलं आणि म्हणाले, “लोखंड ऐकतं, दादा.” कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग कुणी करू नये, ती तडकते.

कॉटर पिनचा क्रँकही पुढे गेला, त्याची टकटक गेली, त्याबद्दल काही दुःख नाही. हँडल, फ्रेम आणि ती कांडी ठेवली. कांडी ठेवण्यामागे व्यवहार काहीच नव्हता, पण हौसेच्या सायकलवर एक तरी गोष्ट बिनकारणाची असावी.

तुमच्या जिन्याखाली अशी एखादी उभी असेल, तर पहिला खर्च रिम आणि ब्रेकच्या रबरांवर करा. गिअरचं मागाहून बघता येईल.