कागलचा वाडा आणि हत्तीचे पाय

कोल्हापूरहून बेळगावकडे निघालात की वीसेक किलोमीटरवर कागल लागतं. बहुतेक गाड्या हमरस्त्यावरून तशाच पुढे जातात, कारण लगेच कर्नाटकाची हद्द येते. पण सवड काढून गावात जरूर या. गैबी पिराला हिंदू आणि मुसलमान दोघंही मनोभावे येतात. जयसिंगराव तलावावर संध्याकाळी छान वारं सुटतं. आणि दूधगंगेच्या पाण्यावर पोसलेला ऊस तर चहूकडे उभा!

कागलची खरी ओळख म्हणजे घाटगे घराणं. २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव याच घराण्यातले. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. महाराजांना जनावरांचं भारी वेड. पदरी शिकारी चित्ते होते, हत्ती होते. हत्तींची साठमारी बघायला माणसांची झुंबड उडायची. कोल्हापुरात साठमारी हे ठिकाणाचं नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. तेव्हा आमच्या मुलखाला हत्तीचा लळा आहे तो असा, पिढ्यान्‌पिढ्यांचा.

म्हणूनच २०२५ च्या जुलैत सारा जिल्हा हळहळला. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठात १९९२ पासून असलेली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं गुजरातेत जामनगरच्या वनतारा केंद्रात गेली. तिला निरोप देताना बायाबापड्या ढसाढसा रडल्या. ३ ऑगस्टला तिच्यासाठी हजारो माणसं नांदणीहून कोल्हापूरपर्यंत चालत गेली. तिचे पाय आणि सांधे दुखावलेत, नखं वाढलीत, असं न्यायालयापुढच्या अहवालांत होतं. मठाचं म्हणणं, आम्ही तिला लेकीसारखं सांभाळलं. त्या मायेबद्दल कुणी शंका घेऊ नये.

मी अर्धवेळ शिकवते. त्या दिवसांत वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, एवढा मोठा हत्ती, त्याला पायाचं कसलं दुखणं?" प्रश्न अगदी रास्त होता!

त्याचं असं आहे, रानातला हत्ती दिवसभर मऊ मातीतून, चिखलातून, पाण्यातून हिंडतो. त्याची नखं सारखी वाढत असतात, पण चालण्यानं आपोआप झिजतात. तळव्याखाली चरबीची जाड गादी असते, तिच्यावर दोन-तीन टनांचा भार पेलला जातो. आता हाच हत्ती फरशीवर साखळीनं बांधून ठेवला तर काय होईल? नखं झिजत नाहीत, तळवे चिरतात, शेणामुतात पाय ओले राहतात. आपल्या टाचांच्या भेगा परवडल्या, पण तिथे भेगेत घाण शिरली की पू होतो आणि तो हाडापर्यंत पोचतो. पाळीव हत्ती जगभर ज्या कारणांनी दगावतात, त्यांत पायाचं दुखणं फार वरचं आहे.

उपचार म्हणाल तर मधुमेही माणसाच्या पायाची निगा आठवा. रोज पाय धुवायचे, औषधी पाण्यात बुडवून ठेवायचे, सडलेला भाग हलक्या हातानं कोरायचा, नखं कानशीनं घासायची. हे महिनोन्‌महिने चालतं. हत्तीला केळं देऊन पाय आपणहून उचलायला शिकवतात, म्हणजे दांडगाई करावी लागत नाही. तपासणीसाठी रक्त कानामागच्या शिरेतून घेतात. सांध्यांना आराम म्हणून वाळूचा बिछाना आणि डुंबायला तळं. पाण्यात वजन हलकं होतं ना! आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे चालायला मोकळी जमीन, सोबतीला दुसरे हत्ती. हत्तीण मुळात कळपात, नातलग माद्यांत राहणारी. आपल्यासारखाच तिलाही गोतावळा लागतो.

हत्तीचं वैद्यक आपल्याला नवीन नाही. पालकाप्य मुनींच्या नावावर 'हस्त्यायुर्वेद' हा अख्खा संस्कृत ग्रंथच आहे. माया आणि औषध यांची फारकत आपल्या पूर्वजांनी केली नव्हती. आपण मात्र कधीकधी करतो. आजारी लेकीला मोठ्या इस्पितळात पाठवताना आईचा जीव तुटतो, आणि ती घरीच बरी होईल असंही वाटतं. पण पाय कुणाचा दुखतोय, हे आधी बघायला हवं. महादेवीसाठी नांदणीजवळच उपचाराचं केंद्र काढण्याची बोलणी ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली, ती यासाठीच मोलाची. मायाही जवळ आणि वैद्यही जवळ, याहून चांगलं काय?

तोवर आपल्या हाती थोडं आहेच. यात्रेत किंवा देवळात हत्ती दिसला तर लाडू, भात, गुळाचा ढेकूळ देऊ नका. त्याचं पोट रोज शंभर-दीडशे किलो हिरव्या चाऱ्यावर चालतं, गोडधोडानं बिघडतं. सोंडेत नाणं ठेवण्याआधी खाली पायांकडे बघा. नखं फुटलेली दिसली, हत्ती सारखा एक पाय उचलून दुसऱ्यावर भार देत असला, तर माहुताला आपुलकीनं विचारा, आणि वनखात्यालाही कळवा. नमस्कार मागाहून केला तरी गणपती रागावणार नाही.