कालची पावती

मुलांच्या संगतीत लेखकाला कल्पना सुचतात, असं लोक फार सहज बोलून जातात. मला पोट्ट्यांकडून कल्पना कधी मिळाली नाही. मिळाली ती तंबी.

नांदगाव पेठचा टोलनाका अमरावती-नागपूर रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सुट्ट्यांत आमच्या गल्लीतल्या पोरांनी त्याची शाखा उघडली. सुतळीचं एक टोक कडुनिंबाला, दुसरं एकाच्या हातात. एक चिंचोका दिला की पावती म्हणून कडुनिंबाचं पान मिळायचं आणि सुतळी खाली यायची. मी पायी आहे, मला कसला टोल, असं म्हणून पाहिलं. "पायी हाय तं काय झालं? रस्ता तं वापरू राह्यले ना?" बिनतोड. भरला टोल. दुसऱ्या दिवशी हुशारी करून खिशातलं तेच पान पुढे केलं. वसुलीवरच्या पोरीने ते उलटून पाहिलं, बोटाने चुरलं. "हे सुकलं. कालची पावती आज चालत नाई, काका."

पावतीवर तारीख घालायची ही सोय मला जन्मात सुचली नसती.

त्या दिवसांत मी एका नाटकात अडकलो होतो. प्रकल्पात शेत गेलेले दोन भाऊ, मोबदल्यावरून फाटलेलं घर. दुसऱ्या अंकात दोघं पानंच्या पानं हक्काबद्दल बोलत होते आणि कोणाचं काही हलत नव्हतं. ती पानं फाडली. धाकट्याने अंगणात दोरी बांधली आणि थोरल्याला अडवलं, एवढंच ठेवलं.

मोठ्यांच्या नाटकात नट दार नसलेल्या भिंतीतून खुशाल निघून जातो आणि आपण चालवून घेतो. पोरं नाही घेत. एकदा ठरलं की इथे नाका आहे, तर तो सगळ्यांना आहे. भुलाबाईचा खाऊ ओळखतानाही तेच. गाणी संपतात, बंद डबा कानाशी हलवला जातो, कोणी "चिवडा?" म्हणतं, कोणी "लाडू?" डबेवालीच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. फार ओरडा झाला तर खाऊ गोड की तिखट, एवढंच सांगते. प्रेक्षकाला कधी आणि किती सांगायचं, हे त्या ओसरीवर जितकं कळतं तितकं नाट्यशिबिरात कळत नाही. मी दोन्हीकडे बसलो आहे.

आमच्या विदर्भातले दारव्हेकर मास्तर 'कट्यार काळजात घुसली'मुळे लक्षात राहिले. त्यांनी मुलांसाठी नाटकं लिहिली, हे लोक विसरतात. रत्नाकर मतकरींचं तसं झालं नाही. सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरसाठी त्यांनी 'मधुमंजिरी' लिहिलं ते १९५९ साली. १९६२ मध्ये स्वतःची बालनाट्य संस्था काढली. 'अलबत्या गलबत्या'तली त्यांची चेटकीण खरोखर घाबरवते. मुलांना गुळमुळीत भीती चालत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मला जास्त आवडतो तो पंच्याहत्तरी ओलांडलेला मतकरी. २०१४ साली ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' उभा करताना त्यांनी वस्त्यांतल्या मुलांना स्वतःचं नाटक स्वतः रचायला लावलं. पन्नासेक वर्षं मुलांसाठी लिहिल्यावर लेखणी त्यांच्याच हाती द्यायची, याला जिगर लागते. माझ्यात ती नाही.

मी फक्त गल्लीतल्या पोरांना तालमीला बोलावतो. परवा थोरल्याचं काम करणारा नट भरात येऊन दोरी ओलांडून गेला. बाकावरून लगेच आवाज आला, "ओ, दोरी कोनं खाली केली?" नट म्हणाला, भावनेच्या भरात होतं असं. वसुलीवरच्या पोरीला ते पटलं नाही. आता धाकटा दोरी सोडतो, तेव्हाच थोरला आत येतो. अंक दोन मिनिटांनी लांबला आहे आणि नट अजून माझ्यावर रुसलेला आहे.