भोपळ्याचा गर

मराठी भाषेने भोपळ्याला फारसे मानाने वागवलेले नाही. परीक्षेत काहीच मिळाले नाही तर भोपळा मिळाला म्हणायचे. दोघांचे पटत नसेल तर त्यांचे सख्य विळ्याभोपळ्याचे. आणि गोड गैरसमज संपला की भ्रमाचा भोपळा फुटला. तिन्ही ठिकाणी भोपळा एकतर पोकळ, नाहीतर मार खाणारा. त्याच्या आत गर असतो आणि तो कुणाला तरी शिजवावा लागतो, याची दखल या वाक्प्रचारांनी घेतलेली नाही.

तळेगाव दाभाड्यातल्या आमच्या गृहसंकुलात २०२५ साली ३१ ऑक्टोबरला मुलांनी ‘हॅलोवीन’ साजरा केला. इथले बहुतेक पालक चाकणच्या किंवा तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. कुणी दोनतीन वर्षे परदेशात काढून आलेले. मंडईतून सहा तांबडे भोपळे आले. त्यांना डोळे, नाक, वेडेवाकडे दात कोरायचे आणि आत पणती ठेवायची, असा बेत. ‘आता हे एक नवीन खूळ’ असे आमच्या पिढीतले बरेचजण म्हणाले, आणि ते अपेक्षितच होते. गंमत अशी की त्याच दिवशी सूर्योदयाला कार्तिक शुद्ध नवमी होती. पंचांगात तिला कूष्मांड नवमी म्हणतात आणि त्या दिवशी कोहळा दान करावा असे सांगितलेले आहे. खूळ म्हणणाऱ्यांपैकी कुणाला त्याची आठवण नव्हती.

देशी-विदेशीचा हा वाद भोपळ्यापुरता तरी टिकणारा नाही. कोहळा आशियाचा, जुना. संस्कृतातल्या ‘कूष्मांड’चा आपण कोहळा केला, बंगाल्यांनी ‘कुमडो’. परंतु तांबडा भोपळा, ज्याचे घारगे आपण आजीच्या हातचे म्हणून आळवतो, तो मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबसानंतरच्या दर्यावर्दी व्यापारातून तो आपल्याकडे आला. आयर्लंडमधले लोक पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा लावत. अमेरिकेत गेल्यावर त्यांना त्याहून मोठा, कोरायला सोपा भोपळा सापडला. म्हणजे त्यांनी आणि आपल्या आज्यापणज्यांनी एकच परके फळ आपलेसे केले. त्यांनी त्यात दिवा ठेवला, आपण गूळ घातला.

अन्नाच्या नासाडीबद्दल नाक मुरडण्याचाही आपल्याला अधिकार किती, हा प्रश्नच आहे. खंडेनवमीला या पट्ट्यातल्या लहानमोठ्या कारखान्यांत यंत्रांची पूजा होते, कोहळ्याला कुंकू फासून तो फोडला जातो. नव्या गाडीवरून ओवाळलेला कोहळा रस्त्यात पडतो आणि त्यावरून दुचाकी घसरते. तो कोहळा कुणी खात नाही, खायचा नसतोच. वाईट ते दूर राहावे म्हणून एक फळ खर्ची घालायचे, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच आहे.

माझे लक्ष मात्र त्या संध्याकाळी सासूबाईंकडे होते. वय त्र्याऐंशी. आख्खा भोपळा बाईने चिरू नये, पहिला घाव पुरुषाने घालावा, हा नियम त्यांनी आयुष्यभर पाळला. कोहळा म्हणजे बळीच्या पशूचा प्रतिनिधी आणि बळी देणे हे पुरुषाचे काम, अशी त्याची उपपत्ती सांगतात. तोच नियम पुढे तांबड्या भोपळ्यालाही चिकटला असावा. उपपत्ती काहीही असो, एकोणचाळिसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या बाईच्या घरात त्याचा अर्थ फार व्यवहारी होता. मुलगा पाच वर्षांचा. परसातल्या वेलाला भोपळा धरला, तरी शेजारचे काका कामावरून परत येईपर्यंत थांबायचे, सुरी पुढे करायची, ‘जरा एवढे लावून द्या’ म्हणायचे. १९७२चा दुष्काळ काढलेल्या त्या बाईला घरातले अन्न शिजवायला दुसऱ्याची परवानगी लागत होती.

खाली अंगणात दहाअकरा वर्षांच्या तीन मुलींनी भोपळ्याच्या डोक्यावर सुरी खुपसली, टोपीसारखा काप काढला आणि चमच्याने आत खरवडायला लागल्या. सासूबाई बाकावरून बघत होत्या. मला वाटले, काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, “अगं पोरींनो, गर आधी पातेल्यात काढा. मग काय तोंडं कोरायची ती कोरा.”

एका मुलीने विचारले, “आजी, हे खातात?”

“मग काय टाकतात?” एवढेच त्यांचे उत्तर.

आपला भोपळा जाड गराचा. कोरण्यासाठी अमेरिकेत जो पिकवतात तो पातळ भिंतीचा आणि पाणचट. त्यामुळे आमच्या मुलींचे हात भरून आले, पण पातेलीही भरली. गर त्याच संध्याकाळी शिजवायला घ्यावा लागतो. पणतीने करपलेले, रात्रभर उघड्यावर राहिलेले कवच कुजू लागते. ते खताच्या खड्ड्यात. किसलेला गर गुळाबरोबर वाफवून, त्यात मावेल तेवढीच कणीक, थोडी तांदळाची पिठी, मोहन आणि जायफळ घालून घारगे केले. पाणी अजिबात नाही, भोपळ्याचेच पाणी पुरते. उरलेल्याचे दही घालून भरीत, वर हिंग-जिऱ्याची फोडणी. बिया धुऊन सुपात वाळत पडल्या. एक पातेले बंगाली शेजारणीकडे गेले, एक कानपूरच्या कुटुंबाकडे. तिथून पुरीबरोबरची आंबटगोड कद्दूची भाजी परत आली.

तळेगावहून जवळच्या देहूच्या तुकोबांविषयी एक कथा सांगतात. यात्रेला निघालेल्यांबरोबर त्यांनी एक कडू भोपळा दिला, प्रत्येक तीर्थात त्यालाही बुडवून आणा म्हणाले. परत आल्यावर तो कडूच निघाला. रूढीवर बोलताना आपण ही कथा हमखास सांगतो. पण तो कडू आहे हे कळायला कुणीतरी तो चिरावा आणि चाखावा लागला असणार, हे सहसा लक्षात घेत नाही.

भोपळ्याची पोकळी आपल्याला फार आवडते. मिरजेचे कारागीर वाळवलेल्या भोपळ्यातून तंबोरा घडवतात, आयरिश माणूस त्यात दिवा ठेवतो, आणि आपण समीक्षक मंडळी पोकळीच्या अर्थावर निबंध लिहितो. सासूबाईंचा प्रश्न यांपैकी कुठल्याच प्रकारात बसत नाही. सण आपला की परका हे त्यांनी विचारले नाही. बाहेर काढलेल्या गराचे पुढे काय, एवढेच विचारले. नोव्हेंबरच्या भाजीत त्यांनी एक आख्खा भोपळा मागवला. तो आला तेव्हा घरात मुलगा होता, नातू होता. त्यांनी कुणालाही हाक मारली नाही. विळी पुढे ओढली आणि पहिला घाव स्वतः घातला.