मान कोणापुढे लवते

निजामी अमदानीतल्या परभणी जिल्ह्यात वाढलेल्या वडीलधाऱ्या मंडळींना वाकण्याच्या दोन रीती बालपणापासूनच परिचित असत. एक कचेरीतली आणि दुसरी वारीतली. अव्वल तालुकदाराची स्वारी गावात उतरली, म्हणजे पाटलापासून महारापर्यंत सगळी रयत कमरेत वाके, आणि त्या वाकण्यात साऱ्याची तहकुबी, जप्तीची धास्ती, कुणाच्या इनामाची सनद, कुणाच्या पोराची नोकरी अशा नाना चिंता एकवटलेल्या असत. तीच माणसे आषाढीला पंढरीच्या वाटेला लागली, की ज्याचे नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, ज्याच्यापासून मिळण्यासारखे किंवा गमावण्यासारखे काहीच नाही, अशा एखाद्या धुळीने माखलेल्या वारकऱ्याच्या पायांवर निःशंकपणे मस्तक ठेवीत. शरीराची क्रिया एकच. पण पहिलीतून माणूस खुजा होऊन उठे आणि दुसरीतून हलका होऊन. नम्रता नम्रता म्हणून जिचा आपण गौरव करतो, तिची पारख मान किती खाली गेली यावरून होत नाही; ती कोणापुढे गेली, हे पाहावे लागते.

आमच्या जिल्ह्याला हा विचार परका नाही, कारण गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई आमची. नामदेवाच्या घरी दळणकांडण करणाऱ्या या स्त्रीने स्वतःला दासी म्हणवून घेण्यात कधी संकोच मानला नाही, आणि परंपरेने तिच्या दास्याला असे काही प्रतिष्ठेचे स्थान दिले, की प्रत्यक्ष विठ्ठल तिच्या जात्याच्या खुंट्याला हात घालायला येऊन बसला अशी कथा घरोघर सांगितली जाऊ लागली. ज्याने सेवा घ्यावी तोच सेवा करू लागला. भक्तीच्या राज्यातली ही उलथापालथ मराठी मनाला इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातला विस्मय आता आपल्या ध्यानातही येत नाही.

ख्रिस्ती धर्माच्या गाभ्याशी हीच उलथापालथ आहे. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने कमरेला रुमाल गुंडाळला आणि शिष्यांचे पाय धुतले. पाय धुणे हे त्या काळी गुलामाचे काम होते, आणि म्हणूनच पेत्राने प्रथम पाय मागे घेतले. सर्व ख्रिस्ती पंथ हा प्रसंग वाचतात. परंतु काही प्राचीन मंडळ्या तो आजही देहाने करून पाहतात. केरळातली मलंकरा ऑर्थोडॉक्स सीरियन मंडळी त्यांपैकी एक. इसवी सन 52 मध्ये प्रेषित थोमा मलबारच्या किनाऱ्यावर उतरला, या परंपरेशी ती आपले नाते सांगते, आणि तिची उपासना पश्चिम सीरियन पद्धतीची आहे. रेल्वे, कारखाने, कचेऱ्या आणि रुग्णालये यांच्या निमित्ताने मल्याळी कुटुंबे महाराष्ट्रात आली, तेव्हा ही उपासनाही त्यांच्याबरोबर मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत आली. दादरला तिचे सेंट मेरीज कॅथीड्रल आहे.

या चर्चांत पादत्राणे बाहेर काढून आत जावे लागते, स्त्रिया डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात, आणि उपासना बव्हंशी उभ्यानेच, पूर्वेकडे तोंड करून चालते. इतके पाहूनच मराठी माणसाला आपण फारसे परक्या ठिकाणी आलो नाही असे वाटावे. शांतीचे दान वेदीपासून निघते आणि शेवटच्या रांगेपर्यंत हातांतून हातांत पोचते: जोडलेल्या हातांना दुसऱ्याचे हात स्पर्श करतात, तो स्पर्श तिसऱ्याकडे जातो, आणि या साखळीत आपल्या शेजारी कोणी उभे राहावे याची निवड कोणालाच करता येत नाही. पवित्र गुरुवारी बिशप बारा जणांचे पाय धुतो. पण मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो महाउपवासाच्या पहिल्या सोमवारचा शुबकोनो नावाचा विधी. पन्नास दिवसांच्या व्रताला आरंभ करताना आधी परस्परांची क्षमा मागायची, असा त्याचा दंडक. धर्मगुरूही त्यातून सुटत नाही, तोही वाकतो. वर्षभर ज्याच्याशी बोलणे टाकले, ज्याच्या मुलाच्या लग्नाला मुद्दाम गेलो नाही, हिशेबाच्या वहीवरून ज्याच्याशी भर सभेत हुज्जत घातली, तो समोर उभा असतो, आणि उपवासाच्या दारातून आत जायचे तर वाट त्याच्यावरूनच जाते. अनोळखी जगावर प्रेम करणे सोपे असते. त्याच बाकावर बसणाऱ्यावर करणे कठीण. रविवारमागून रविवार तीच माणसे, तेच स्वभाव, तेच जुने अपमान, आणि त्यांच्यामधून पुन्हा पुन्हा जावे लागणारे प्रेम, हेच चर्चच्या सामुदायिक जीवनाचे खरे स्वरूप आहे.

येथे एक गोष्ट दडवून ठेवणे अप्रामाणिक ठरेल. पाय धुणारी ही मंडळी चर्चच्या मालकीवरून आणि व्यवस्थेवरून आपल्याच भावकीशी, म्हणजे याकोबी पक्षाशी, पिढ्यानुपिढ्या भांडत आली, आणि 1958, 1995 व 2017 असे तीन वेळा सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे होऊनही मने निवली नाहीत. आपण मराठी लोकांनी त्यावर हसू नये. पंढरीच्या बडव्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात निकाली निघायला 2014 साल उजाडावे लागले. देवाच्या दाराशी दस्तऐवजांची गाठोडी साचतातच. विधीमुळे माणूस नम्र होतोच असे नाही, एवढे यावरून दिसते. विधी त्याला केवळ संधी देतो.

ती संधी ज्याने पुरेपूर घेतली असा एक पुरुष आपल्या शेजारच्या गोव्यात होऊन गेला, आणि तो महाराष्ट्रात जवळजवळ अज्ञात आहे. आंतोनियु फ्रान्सिस्कु शाव्हियेर आल्वारिस यांचा जन्म 1836 मध्ये वेर्णे येथे झाला. ते रोमन कॅथलिक पाद्री. पण पोर्तुगीज अमलाशी आणि त्याच्या छायेत वावरणाऱ्या धर्मसत्तेशी त्यांचे पटले नाही. त्यांनी ‘आ क्रूझ’, ‘आ वेर्दादे’, ‘ओ ब्रादो इंडियानो’ अशी पत्रे काढली, आणि त्यांतला मजकूर सरकारला रुचण्यासारखा नव्हता. शेवटी ते मलंकरा मंडळीकडे वळले आणि जुलै 1889 मध्ये कोट्टयम येथे आल्वारिस मार जुलियस या नावाने त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. दीक्षा देणाऱ्यांत परुमलाचे गीवर्गीस मार ग्रेगोरियस होते, ज्यांना मंडळीने पुढे 1947 मध्ये संत म्हणून घोषित केले.

मनसबीचा हा मान घेऊन आल्वारिस पणजीला आले ते भिक्षापात्र हाती घेण्यासाठीच, असे म्हणावेसे वाटते. गरिबांच्या साह्यासाठी त्यांनी 1871 मध्येच संस्था उभारली होती; पुढे भुकेल्यांसाठी आणि महारोग्यांसाठी त्यांनी आश्रयस्थान चालविले. पटकीच्या उपचारांवर त्यांनी पुस्तिका लिहिली, आणि अन्नाची टंचाई हटावी म्हणून साबुकंदाच्या लागवडीचा पुरस्कार केला. प्रेम म्हणजे औषधाची मात्रा आणि कंदाची लागण, इतका त्यांचा व्यवहार रोकडा होता. पैसा संपला की हे बिशप पणजीच्या बाजारात दुकानोदुकान मागत फिरत. एका दुकानदाराने त्यांच्या पात्रात थुंकल्याची कथा सांगतात. त्यावर आल्वारिस शांतपणे म्हणाले, की हे माझ्यासाठी झाले, आता माझ्या गरिबांसाठी काही द्या. अशी कथा इतर साधुपुरुषांच्या नावावरही चालते, म्हणून तिच्याकडे कोणी दप्तरी पुरावा मागू नये. आम्हा गोदाकाठच्या लोकांना तर ती ऐकताच पैठणचे एकनाथ आठवतात. अंगावर थुंकणाऱ्याचा राग न धरता ते पुन्हा पुन्हा स्नानाला उतरले ते पाणी पुढे आमच्याच गंगाखेडला येते.

मात्र या वाकलेल्या माणसाचा कणा पाहायचा असेल तर 1895 साल पाहावे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात दादा राणे यांचे बंड पेटले त्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपावरून आल्वारिस यांना अटक झाली, बिशपाची वस्त्रे उतरवून त्यांना भर रस्त्यातून नेण्यात आले आणि घाणेरड्या कोठडीत डांबण्यात आले. आरोप न्यायालयात टिकला नाही. त्या नागव्या अपमानानंतर त्यांनी माफीचा अर्ज करून जुन्या गोटात परत जावे, ही अनेकांची अपेक्षा असणार. त्यांनी तसे केले नाही. भिकाऱ्यांसाठी पात्र धरून लवणारी मान सत्तेपुढे मात्र लवेना. कित्येकांना यात विसंगती दिसते. मला तर वाटते की पहिले साधले म्हणूनच दुसरे साधले: ज्याने आपली प्रतिष्ठा बाजारात आपल्या हाताने उधळून टाकली, त्याच्यापासून सरकारने आणखी काय जप्त करावे? ते सौम्य प्रकृतीचे गृहस्थ नव्हते, त्यांची लेखणी बोचरी होती. पण नम्रता आणि गोडबोलेपणा या दोन गोष्टी एक आहेत असे कोणी सांगितले?

अखेरच्या आजारात त्यांना रायबंदरच्या रुग्णालयात ठेवले होते, आणि तेथेही मूळ पंथात परतण्याचा आग्रह त्यांनी मानला नाही. 23 सप्टेंबर 1923 रोजी ते निवर्तले. नगरपालिकेच्या सभागृहात त्यांचा देह दर्शनासाठी ठेवला तेव्हा गरीब, भिकारी यांची रीघ लागली. दफन मात्र सांत इनेजच्या स्मशानभूमीत एका आडबाजूच्या कोपऱ्यात, धर्मविधीवाचून झाले. चार वर्षांनी स्नेह्यांनी त्यांच्या अस्थी एका पेटीत ठेवून वर क्रूस उभारला आणि त्यावर मोठे मानवतावादी मिशनरी व थोर देशभक्त अशी त्यांची नोंद केली. मग विस्मृती. 1967 मध्ये मंडळीने ती जागा शोधून काढली, आणि 1979 मध्ये रायबंदरच्या सेंट मेरीज ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्या अस्थी नेल्या.

परभणीकडची मंडळी हल्ली गोव्याला हौसेने जातात, जुन्या गोव्याची प्रचंड देवालये पाहतात आणि छायाचित्रे काढून परततात. पणजीहून जुन्या गोव्याला जाताना मांडवीच्या काठाने रस्ता रायबंदरमधूनच जातो. तेथे गाडी थांबवावी, आणि पादत्राणे बाहेर काढून त्या लहानशा चर्चमध्ये जाऊन यावे.