कासार्ड्याची वाळू घाटावर

तळेऱ्याहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेला निघालं की लगेच कासार्डे लागतं. मुख्य रस्ता सोडून आत वळलं की जांभ्याच्या तांबड्या मातीत पांढरट ढीग दिसू लागतात. ही खाणीतून काढून पाण्याने धुतलेली सिलिका वाळू. धुण्यात चिकणमाती निघून जाते आणि गारेचा निव्वळ कण उरतो. मुठीत घेतली तर जाड साखरेसारखी बोटांमधून निसटते. ही वाळू कोल्हापूरच्या फौंड्र्यांना लागते, म्हणून मीही वैभववाडीवरून करूळ घाटाची वाट धरली. पंचगंगेच्या काठी वाळू असताना कोकणातली वाळू घाट चढवून न्यायची कशाला, ही शंका रास्तच आहे. तिचं उत्तर घाटातच, रस्त्याला खेटून उभ्या असलेल्या काळ्या कातळात आहे. हा बेसाल्ट. त्यात मोकळा क्वार्ट्झ, म्हणजे गार, जवळपास नसतोच, आणि देशावरच्या नद्या वाहून आणतात तो याच खडकाचा चुरा. हा चुरा 1200 अंशांच्या आसपास वितळतो, तर बिडाचा रस ओततात 1400 अंशांच्या घरात. अशा वाळूचा साचा केला तर ती वितळून कास्टिंगला चिकटणार. क्वार्ट्झ मात्र 1700 अंशांपर्यंत दम धरतो. कासार्ड्याकडचे वालुकाश्म बेसाल्टच्या कितीतरी आधीचे, म्हणून तिथे तो सापडतो. इतक्या मोजक्या जागी मिळणारी वस्तू एकदा वापरून टाकून द्यायची, हे मला हिशेबात बसत नाही.

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पोचेपर्यंत या वाळूचा रंग बदलतो. बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि तीन-चार टक्के पाणी मिसळून ती काळी होते. मोल्डर मूठ आवळतो, गोळा मधोमध मोडतो; कडा धारदार राहिल्या तर माल जमला. हीच ग्रीन सँड रोज फिरवून वापरतात, म्हणजे पुनर्वापर कोल्हापूरला नवा नाही. अडतं ते कोअरच्या, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या गाभ्याच्या, वाळूपाशी. तिच्या कणावर ती बांधणारं रेझिन जळून बसलेलं असतं, आणि तिचेच ढीग बाहेर पडतात.

यावर कोणी म्हणेल, सिलिकाच सोडा. आक्षेप पोकळ नाही. 573 अंशांना क्वार्ट्झ एकदम फुगतो आणि साच्याचा पापुद्रा सुटतो. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. झिरकॉन आणि क्रोमाइट फुगतात फारच कमी, शिवाय उष्णताही लवकर खेचतात. मँगनीज पोलादाला तर सिलिका चालतच नाही, तिथे ऑलिव्हिन किंवा क्रोमाइट हवं. पण पंपाच्या साध्या बिडाच्या बॉडीला झिरकॉन वापरणं कोणत्याही मालकाला परवडायचं नाही. महाग वाळू जाड पोलादी कास्टिंगच्या तोंडाशी थरापुरती लावावी, बाकी भार सिलिकाच वाहणार.

दुसरा आक्षेप इंधनाचा: कोअरची वाळू पुन्हा वापरायची तर तिच्यावरचं रेझिन जाळायला ती भट्टीत सहा-सातशे अंशांपर्यंत तापवावी लागते. खर्च आहेच. पण समोरच्या पारड्यात खाण, धुण्याचं पाणी, घाटातलं डिझेल आणि टाकाऊ वाळूच्या जागेचं भाडंही ठेवायला हवं, आणि तापवून निघालेल्या कणाला पुन्हा रेझिनही बहुधा कमी लागतं. लहान फौंड्रीला अशी भट्टी एकटीने झेपणार नाही, हे मात्र खरं. ती चार-पाच जणांनी मिळून चालवावी लागेल, आणि त्याआधी नॉकआउटला, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढताना, कोअरची वाळू ग्रीन सँडमध्ये मिसळू न देता वेगळी काढावी लागेल. आज बहुतेक घोटाळा तिथेच होतो.