चाकांवरचं घर आणि वीतभर पिन

बालमित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांचं घर चाकांवर चालतं? हसू नका हं! दसरा-दिवाळी झाली, की आमच्या मराठवाड्याच्या रस्त्यांवर अशी घरं रोज दिसतात. पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॉली. ट्रॉलीत ज्वारीची पोती, जर्मनची पातेली, तवा, घागरी, गोधड्यांची बोचकी, डालग्यात कोंबड्या, कोपऱ्यात बांधलेली एखादी शेळी. आणि या सगळ्या पसाऱ्याच्या वर, तुमच्याच वयाची दोन-चार मुलं! ही ऊसतोड कामगारांची कुटुंबं. पाच-सहा महिन्यांसाठी गाव सोडून ती निघालेली असतात. उसाच्या फडाजवळ कोपी उभी राहीपर्यंत ट्रॉली हेच त्यांचं घर.

परदेशात हौसेने भटकणारे लोक आपल्या मोटारीमागे चाकांवरची छोटी खोली जोडतात. तिच्यात पलंग असतो, शेगडी असते. तिला कॅरॅव्हॅन म्हणतात. आपल्या ट्रॉलीत पलंग नाही, शेगडी नाही, डोक्यावर छप्परही नाही. पण एक गोष्ट दोन्हींत सारखी आहे. पुढच्या गाडीला मागची गाडी जिथे जोडतात, तो सांधा! तो बघायला आज आपण लोहाऱ्याला जाऊ या.

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागायचं. वाटेत बोरी नदीच्या काठचा नळदुर्गचा किल्ला लागतो. (पाणीमहाल येताना बघू!) पुढे गेल्यावर डाव्या हाताला, म्हणजे उत्तरेला वळलं, की लोहारा तालुका. जिल्ह्याचं नाव पूर्वी उस्मानाबाद होतं, २०२३ पासून ते धाराशिव झालं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ज्या भूकंपाने हा सारा भाग हादरला, त्यात उद्ध्वस्त झालेलं सास्तूर याच तालुक्यात आहे. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांना तो दिवस आठवत असेल.

इथली जमीन काळी. तूर, सोयाबीन, हरभरा ही नेहमीची पिकं; आणि विहिरीला, बोअरला पाणी असेल तिथे ऊस. तालुक्यात खेडला साखर कारखाना आहे, शेजारच्या उमरगा तालुक्यात मुरूमला दुसरा. त्यामुळे ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरपूर! आणि गावाचं नाव तर काय, लोहारा! नावातच घणाचे घाव ऐकू येतात, नाही का?

भादव्यात पाऊस ओसरू लागला, की वेल्डिंगच्या दुकानांपुढे जुन्या ट्रॉल्या येऊन थांबतात. उन्हाळ्यात यांनीच शेणखत वाहिलेलं असतं, मुरूम आणि दगड वाहिलेले असतात. पावसाळ्यात त्या बांधावर उघड्या पडून राहतात. लोखंडाला हवा आणि ओल मिळाली, की गंज चढतो. त्यात कोपऱ्याकोपऱ्यात शेणखत आणि चिखल साचलेला. तो ओल धरून ठेवतो. मग वरून धडधाकट दिसणारा पत्रा खालून पापडासारखा झालेला असतो.

दुरुस्ती कशी करतात, पाहा. आधी तारेच्या ब्रशने गंज खरवडतात. सडलेला पत्रा कापून नवा जोडतात. खालच्या लोखंडी सांगाड्याला कुठे तडा गेला आहे का, ते बघतात. चाकांची बेअरिंग उघडून, पुसून, नवं ग्रीस भरतात. कमानीचे पाटे तपासतात, बाजूच्या फळ्यांचे कब्जे सरळ करतात. मग तांबडा रेड ऑक्साईड, त्यावर रंग, आणि शेवटी पाठीमागे झोकदार अक्षरांत ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’! झाली ट्रॉली नवी. (वेल्डिंगच्या ठिणगीकडे मात्र उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही. त्या प्रकाशातले अतिनील किरण डोळ्यांना इजा करतात.)

नवी झाली खरी, पण थांबा. एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं म्हणणं ऐका : “गुरुजी, रंगाला लोक हौसेनं पैसा घालत्यात. पिनला म्हणलं, की ‘चालतंय की अजून’ म्हणत्यात!”

ही पिन म्हणजे काय? ट्रॅक्टरच्या मागे खाली एक मजबूत जबडा असतो. ट्रॉलीच्या पुढे लांब दांडी असते आणि दांडीच्या टोकाला जाड लोखंडी कडी. ही कडी जबड्यात सरकवायची आणि वरून आरपार पिन घालायची. पिन वीतभर लांब, अंगठ्यापेक्षा थोडी जाड. ती उडून वर येऊ नये, म्हणून खालच्या भोकात एक छोटी लॉकपिन घालतात. बस्स, एवढंच! बैलगाडीच्या जुवाला जशा शिवळा, तशी ट्रॅक्टरला ही पिन. फरक इतकाच, की इथे मागे पंधरा-वीस टन ऊस असू शकतो. एकामागे एक दोन ट्रॉल्या असतील, तर पुढच्या पिनवर दोन्हींची ओढ येते.

गाडी निघताना एक हिसका बसतो, थांबताना दुसरा. दर हिसक्याला कडी पिनवर घासते आणि आपटते. पिन मधोमध झिजते, कडीचं गोल भोक लांबट होतं. जागा सैल झाली, की हिसके आणखी जोरात बसतात आणि झीज आणखी वाढते.

आता एक गणित करू. समजा, नवी पिन ३० मिलिमीटर जाड होती. झिजून ती २४ झाली. तुम्ही म्हणाल, “सहा मिलिमीटर तर गेले! पाचवा हिस्सा.” पण पिन तुटते ती आडवी कापल्यासारखी. तेव्हा तिची ताकद जाडीवर नाही, कापलेल्या तोंडाच्या क्षेत्रफळावर ठरते. वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या पटीत असतं, हे तुम्ही वरच्या इयत्तेत शिकला असालच. ३० चा वर्ग ९००, २४ चा वर्ग ५७६. म्हणजे शंभरातले ६४ भागच उरले! जाडी पाचव्या हिश्शाने कमी झाली, ताकद मात्र तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेली. पाहिलंत, वर्ग करायला का शिकायचं ते?

म्हणून मोजायचं. मोठ्या माणसांना सांगून पिन बाहेर काढा. जिथे कडी घासते तिथे आणि जिथे घासत नाही तिथे, दोन्हीकडे कॅलिपरने जाडी मोजा. कॅलिपर नसेल, तर पिनवरून बोट फिरवा. मध्ये खळगा लागला, की पिन बदलायची वेळ आली. तिच्या जागी सळईचा तुकडा किंवा हाती लागेल तो बोल्ट ठोकायचा नाही.

दांडी आणि कडीच्या जोडावर बारीक तडा आहे का, हे पाहायला मिस्त्री एक गंमत करतात. जोड घासून स्वच्छ करायचा, त्यावर थोडं डिझेल लावायचं. पंधरा-वीस मिनिटांनी ते अगदी कोरडं पुसायचं आणि वर खडूची भुकटी चोळायची. तडा असेल, तर आत शिरलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली काळपट रेघ उमटते. फळ्यावरचा खडू इथे डॉक्टर होतो!

ट्रॉली जोडतानाही शिस्त हवी. आधी तिच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे. ट्रॅक्टर मागे येत असताना मध्ये कोणीही उभं राहायचं नाही, मुलांनी तर आसपासही फिरकायचं नाही. पिन घातली, की लॉकपिन घालायची. शिवाय दांडीखालून दोन साखळ्या एकमेकींवरून तिरप्या नेऊन बांधायच्या. चुकून पिन निसटली, तर दांडी या साखळ्यांच्या झोळीत अडकते, रस्त्यात रुतत नाही. कॅरॅव्हॅनला पिनऐवजी गोळा असतो आणि त्यावर वाटीसारखी टोपी बसते. तिथेही अशीच जादा सोय ठेवतात. सांधा सुटला, तर एक तार ओढली जाते आणि मागच्या गाडीचा ब्रेक आपोआप लागतो.

आता पुन्हा त्या बोचक्यांवर बसलेल्या मुलांकडे वळू. खरं तर ट्रॉली ही मालाची गाडी. माणसांनी तीतून प्रवास करायचा नाही, असा नियम आहे. पण मुकादमाने ट्रॉली पाठवली, की आईबापांबरोबर मुलांना चढावंच लागतं. पिन कुणी तपासली, हे त्यांना कोण सांगणार? दिवाळीनंतर शाळा भरते, तेव्हा हजेरी घेताना आम्हा शिक्षकांना कितीतरी नावांवर थांबावं लागतं. “गेला, गुरुजी, तोडीला!” वर्गातून उत्तर येतं. बीड-धाराशिवकडच्या काही गावांत अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालवतात. आईबाप तोडीला गेले, तरी मूल गावात राहतं आणि त्याची शाळा सुटत नाही. तुमच्या गावात अशी सोय आहे का, हे तुमच्या शिक्षकांना आणि सरपंचांना जरूर विचारा.

पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठीही. खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, हळदीकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. यंदा हार घालण्याआधी पिन काढून हातात घ्या आणि घरातल्या मुलांकडून ती मोजून घ्या. मागच्या फळीला लाल रिफ्लेक्टर आहेत ना, तेही बघा; रात्री मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसली पाहिजे.

आणि मित्रांनो, लोहाऱ्याला कधी आलात, तर रंगीत ट्रॉल्यांच्या मागची झोकदार अक्षरं जरूर वाचा. पण पुढे जाऊन दांडीकडेही एकदा नजर टाका. लॉकपिन दिसली नाही, तर लाजू नका. ड्रायव्हरकाकांना हाक मारून सांगा, “काका, तेवढी लॉकपिन लावा की!”