चाळीस वर्षांचा उजेड

जयनगरातील आमच्या गच्चीवर परवा रात्री नातीने कुंभ राशीकडे बोट दाखवून विचारले, "आजोबा, तिथे कोणी राहत असेल का हो?"

तिच्या मनात होता ट्रॅपिस्ट-१ हा तांबडा, खुजा तारा. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. २०१६ साली त्याचे ग्रह प्रथम जाहीर झाले. त्या शोधात लडाखमधील हानले येथील हिमालयन चंद्र दुर्बिणीचाही वाटा होता, आणि ती दुर्बीण चालविली जाते आमच्या बंगळूरजवळच्या होसकोट्याहून! त्यांतला सर्वांत आतला ग्रह खडकाळ, पृथ्वीहून किंचित मोठा. त्याचे वर्ष अवघ्या दीड दिवसाचे. २०२३ साली वेब दुर्बिणीने त्याच्या उजेडाकडील बाजूचे तपमान मोजले : सुमारे २३० अंश सेल्सिअस. दाट हवेचा मागमूस नाही.

"नाही ग, तिथे कोणी नसावे," मी म्हणालो. ती हिरमुसली.

तारा चाळीस प्रकाशवर्षे दूर. आज पोहोचणारा त्याचा उजेड निघाला, तेव्हा आम्ही उभयता साताऱ्याहून नुकतेच या घरी आलो होतो. आज हिची आजी नाही; तिने कुंडीत लावलेला मोगरा तेवढा आहे. त्याला हवा आहे, पाणी आहे, आणि पाणी घालणारे हातही आहेत. एवढे भाग्य त्या ग्रहाच्या वाट्याला कोठून येणार?

मी झारी नातीच्या हाती दिली.